पेठ सोडून बारा वर्षं झाली, मत अजून कसब्यातच. नाव हलवावं का?

धायरीकर_नाइलाजाने
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आमच्या घरात त्यावरून दोन तट पडलेत.

२०१३ ला सदाशिव पेठेतून धायरीला आलो. आई-बाबा अजून पेठेतच आहेत, वाडा पाडून झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. माझं नाव अजून २१५ कसबा पेठच्या यादीत आहे. बायकोचं लग्नानंतर तिथेच चढलं, ते तिथेच राहिलं. दर निवडणुकीला गाडी काढायची, मत द्यायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळी सिंहगड रोडच्या गर्दीत अडकून परत यायचं, असा शिरस्ता आहे.

बायको म्हणते, पाण्याचा टँकर आपण धायरीत मागवतो, मग पेठेतला नगरसेवक निवडून आपल्याला काय मिळतं? (महापालिकेच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात, म्हणजे तिथेही आम्ही पेठकरच.) बाबा म्हणतात, कसब्यातलं एक मत धायरीतल्या दहा मतांच्या बरोबरीचं. शिवाय २०२३ च्या पोटनिवडणुकीला मी आळस करून गेलो नव्हतो, ते अजून जेवताना निघतं.

तर काय करावं? आणि कसबा खरंच एवढा खास आहे, की आम्हा पेठकरांचा तो नेहमीचा गैरसमज?

गणपा_मंडळवाला
हलवू नका. बाबांचं ऐका.

मिसळीत_फरसाण
हू इज धागाकर्ता?

रास्ता_पेठ_खुर्द
@मिसळीत_फरसाण, दुसऱ्याच प्रतिसादात आलं का ते! नवीन लोकांसाठी: २०२३ च्या पोटनिवडणुकीच्या प्रचारात भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांबद्दल 'हू इज धंगेकर' असं विचारलं आणि विरोधकांना फुकटात घोषणा मिळाली. निकालानंतर रिक्षावाल्यापासून मंडईतल्या भाजीवाल्यापर्यंत सगळे इंग्रजी बोलत होते.

धागाकर्त्याला उत्तर: कसबा खास आहेच. १९९५ पासून २८ वर्षं एका पक्षाकडे राहिलेली जागा पुण्यात दुसरी दाखवा. गिरीश बापट सलग पाच वेळा, मग २०१९ ला मुक्ता टिळक. 'भाजपचा गड' उगाच म्हणत नाहीत.

आकडेमोडे
गड वगैरे म्हणण्याआधी थोडं मागे जाऊ या. लोक १९९५ पासून मोजायला सुरुवात करतात आणि म्हणून त्यांना गड दिसतो.

१९७८ ला जनता पक्षाचे अरविंद लेले आले. १९८० ला तेच लेले भाजपचे म्हणून आले. १९८५ ला काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९० ला भाजपचे अण्णा जोशी. १९९१ ला अण्णा खासदार होऊन दिल्लीला गेले, जागा मोकळी झाली, पोटनिवडणुकीत भाजपने तरुण बापटांना उभं केलं आणि काँग्रेसच्या वसंत थोरातांनी त्यांना पाडलं. होय, पाच वेळा जिंकलेले बापट पहिल्यांदा इथेच हरले होते. म्हणजे १९९५ च्या आधीच्या सतरा वर्षांत ही जागा तीनदा इकडून तिकडे झाली. असा कसा हो गड?

आता २००९ बघा. बापट भाजपकडून, रवींद्र धंगेकर मनसेकडून, रोहित टिळक काँग्रेसकडून. बापटांना ५५ हजारांच्या आसपास मतं आणि बाकी दोघांना प्रत्येकी साधारण ४७ हजार. दोघांची बेरीज बापटांच्या कितीतरी पुढे जाते. २०१४ ला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले आणि बापट ४० हजारांहून जास्त मतांनी आले. २०१९ ला समोर काँग्रेस होती, शिवाय मनसेचा उमेदवार आणि युती असूनही शिवसेनेतला एक बंडखोर उभा होता. मुक्ताताई २८ हजारांवर मतांनी आल्या.

तटबंदी वगैरे काही नव्हती, समोरचे एकमेकांत भांडत होते. २००९ नंतर २०२३ ला पहिल्यांदाच भाजपच्या हेमंत रासनेंसमोर एकच तगडा माणूस उभा राहिला, काँग्रेसचे धंगेकर, आणि १०,९१५ मतांनी जिंकला.

गणपा_मंडळवाला
आकडेमोडे, तुमचं गणित मनसेची मतं आपोआप काँग्रेसला जातात यावर उभं आहे. मनसेचा मतदार धंगेकरांना मत देत होता की इंजिनाला? आमच्या गल्लीतले निम्मे तेव्हा 'राजसाहेब' म्हणून देत होते. काँग्रेसचा पंजा दिसला असता तर घरी गेले असते.

आकडेमोडे
मान्य, मतांची बेरीज किराणामालासारखी होत नाही. पण त्याच दिवशी, २६ फेब्रुवारी २०२३ ला, चिंचवडलाही पोटनिवडणूक होती. तिथे महाविकास आघाडीतल्या राहुल कलाटेंनी बंड केलं आणि ४४ हजार मतं घेतली. भाजपच्या अश्विनी जगताप ३६ हजारांनी आल्या. एका ठिकाणी सरळ लढत, दुसरीकडे तिरंगी. यापेक्षा चांगला प्रयोग प्रयोगशाळेतही करता येणार नाही.

चिंचवडची_चिंगी
आमचं नाव निघाल्याबद्दल आभार. एरवी पुण्याच्या धाग्यावर चिंचवडला कुणी विचारत नाही.

नारायण_पेठ_मागची_गल्ली
तुम्ही सगळे आकड्यांत अडकलात. मी तिथे राहते आणि २०२३ ला बूथबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या वाटायला बसले होते. कोणत्या पक्षाच्या ते सांगत नाही, ओळखा.

मुक्ताताई गेल्या डिसेंबर २०२२ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या मतदानाला त्या ॲम्ब्युलन्समधून मुंबईला गेल्या होत्या. आमच्याकडे हे लोकांच्या लक्षात राहिलं होतं. तिकीट घरात जाईल असं सगळे धरून चालले होते. ते गेलं नाही. कोथरूडला २०१९ मध्ये मेधाताई कुलकर्णींचं तिकीट कापलं होतं, तो सल होताच, त्यात हे. 'आम्हाला गृहीत धरता काय' अशी कुजबुज जिन्यातून, दुधाच्या रांगेत, देवळाबाहेर, सगळीकडे. मग बापटसाहेबांना केसरीवाड्यातल्या मेळाव्याला व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून आणलं. पक्षाला वाटलं असेल की लोक हेलावतील. आमच्या मजल्यावरच्या आजी टीव्ही बघून म्हणाल्या, "अगं, त्या माणसाला घरी झोपू द्या की." पुढच्या महिन्यात ते गेलेच.

मतदानाच्या दिवशी आमच्या टेबलावर दुपारी माश्या मारत होतो. हक्काच्या मतदारांनी समोरच्याला मत दिलं असं मला नाही वाटत. बरेचसे उठलेच नाहीत.

धायरीकर_नाइलाजाने
नारायण_पेठ ताई, मी त्या न उठलेल्यांपैकी एक. पण माझं कारण रागाचं वगैरे नव्हतं हो. रविवार होता, मुलाची परीक्षा होती, आणि म्हटलं आपल्या एका मताने काय होतंय.

मिसळीत_फरसाण
१०,९१५ जणांनी असंच म्हटलं.

कोथरूडस्थ
ब्राह्मण नाराज, ब्राह्मण नाराज असं त्या वेळी फार रंगवलं होतं. नाराजीचे म्हणून हिंदू महासंघाचे आनंद दवे उभे राहिले, त्यांना तीनशेही मतं पडली नाहीत. अपक्ष अभिजित बिचुकले ४७ वर थांबले. एवढीच नाराजी असती तर ती कुठेतरी दिसली असती ना? नोटाला दवेंच्या कितीतरी पट मतं होती.

नारायण_पेठ_मागची_गल्ली
@कोथरूडस्थ, तेच तर सांगतेय. नाराज माणूस दवेंना मत द्यायला खाली उतरत नाही. तो चहा पितो आणि पेपर वाचतो.

लोहियानगर_ते_लंडन
सदाशिव, नारायण, शनिवार, आणि मग पुन्हा सदाशिव. कसबा म्हणजे एवढंच आहे का? शिवाजी रोडच्या पूर्वेला माणसं राहत नाहीत काय?

२००८ च्या पुनर्रचनेत भवानी पेठ मतदारसंघ गेला आणि त्यातला बराच भाग कसब्याला जोडला गेला. गंज पेठ, घोरपडे पेठ, लोहियानगर, नाना पेठेचा भाग. जुना कसबा आणि आताचा कसबा हे दोन वेगळे मतदारसंघ आहेत, फक्त पाटी तीच. २००९ ला बापटांचा जीव टांगणीला का लागला, ते इथे बघा. इथे मुस्लिम आहेत, दलित आहेत, हातगाडीवाले, तालमी, भंगारवाले, सगळे आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. त्यांना 'पेठी संस्कृती'शी काही देणंघेणं नाही. नळाला पाणी, ड्रेनेज, आणि रात्री अकराला फोन उचलणारा नगरसेवक हवा. धंगेकर तसे होते. दुचाकीवर यायचे, ओट्यावर बसायचे. २०१७ ला महापालिकेत भाजपचे गणेश बिडकर पडले ते याच माणसाकडून, आणि तेव्हा तर शहरभर भाजपची लाट होती.

दर निवडणुकीला टीव्हीवाले शनिवारवाड्यासमोर उभं राहून पगडी घातलेल्या आजोबांना विचारतात की कसबा काय म्हणतो. आमच्याकडे कॅमेरा येतो तो फक्त आग लागल्यावर.

गणपा_मंडळवाला
लोहियानगर भाऊ, टाळ्या. माझा पक्ष वेगळा, पण हे खरं आहे. फक्त ओट्यावर बसण्याचं श्रेय एकट्याला देऊ नका. बापटही तसेच होते. पूर्व भागातल्या मंडळांत त्यांची उठबस कुठल्याही काँग्रेसवाल्याइतकीच होती, म्हणून तर पुनर्रचनेनंतरही टिकले. आणि रासनेही मंडळातून वर आलेला माणूस आहे, आकाशातून पडलेला नाही. कसब्यात मांडवाला हात न लावलेला माणूस निवडून येत नाही, पक्ष कुठलाही असो.

जुना_वाडा_नवा_बिल्डर
अवांतर: या सगळ्यात वाड्यांचं कुणी बोलणार आहे का? शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत वीट हलवता येत नाही. बाकीच्या पेठांत दोन गुंठ्यांवर बाजूने मोकळी जागा सोडायची म्हटलं तर इमारत उरते जिन्याएवढी. मालक बांधत नाही, भाडेकरू सोडत नाही. प्रत्येक उमेदवाराच्या जाहीरनाम्यात वाड्यांचा पुनर्विकास असतो, मी १९९९ पासून वाचतोय. भिंती मात्र टेकूवरच.

तरी २०२३ ने एक झालं. प्रचारात मिळकतकराचा विषय पेटला. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतची घरं करमुक्त, मग पुण्याने काय घोडं मारलंय? निकालानंतर काही आठवड्यांतच राज्य सरकारने राहत्या घराची ४० टक्के सवलत परत आणली. योगायोग असेल.

कोथरूडस्थ
योगायोग 😀 आम्हालाही मिळाली ती सवलत. कसबेकरांचे आभार. 'कसबा तो झांकी है, कोथरूड बाकी है' म्हणणाऱ्यांचेही आभार, तेवढं मात्र बाकीच राहिलं.

आकडेमोडे
आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर २०२४ च्या आकड्यांत आहे.

२०२३: धंगेकर ७३ हजार, रासने ६२ हजार.
२०२४: रासने ९० हजार, धंगेकर साडेसत्तर हजार.

धंगेकरांची मतं तीन हजारांनीही कमी झाली नाहीत. जवळपास जिथे होती तिथेच. रासनेंची २७ हजारांहून जास्त वाढली. २०२३ ला मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास होतं, २०२४ ला ते बरंच वाढलं. म्हणजे कसब्याने विचार बदलला, काँग्रेसला कंटाळला, लाडकी बहीण, बटेंगे-कटेंगे, सगळं थोडं थोडं असेल, नाही म्हणत नाही. पण मोठा फरक न आलेल्या माणसांनी केला. २०२३ ला ते आले नाहीत, २०२४ ला आले.

आणि हे न आलेले राहतात कुठे? धायरीत. वारज्यात, कोथरूडला, बिबवेवाडीला. मुलाची परीक्षा असली की येत नाहीत. धायरीकर, तुमचे बाबा म्हणतात ते एका अर्थाने बरोबर आहे. कसब्याचा निकाल अलीकडे कसब्याबाहेर राहणारे कसबेकर ठरवतात.

लोहियानगर_ते_लंडन
थांबा थांबा. न आलेले सगळे सिंहगड रोडचे हे कशावरून? यादीत पत्ता जुनाच असतो, आयोग काही पेट्रोलचा खर्च मोजत नाही. आणि लोकसभेला, मे २०२४ मध्ये, धंगेकर भाजपच्या मुरलीधर मोहोळांसमोर कसब्यातच मागे पडले होते. तेव्हाच वारं फिरलं होतं.

आकडेमोडे
कशावरून म्हणाल तर पुरावा नाही, अंदाज आहे. मागे घेत नाही, पण 'अंदाज' असा शिक्का मारतो. लोकसभेचं म्हणणं मान्य. मात्र हेही बघा, १९९१ नंतर पोटनिवडणुकीत गेली, १९९५ ला परत आली. २०२३ ला पोटनिवडणुकीत गेली, २०२४ ला परत आली. कसब्याला पोटनिवडणूक मानवत नाही असं दिसतंय.

मिसळीत_फरसाण
आणि धंगेकर? २०२५ च्या मार्चमध्ये शिंदेंच्या शिवसेनेत. शिवसेना, मनसे, काँग्रेस आणि पुन्हा शिवसेना. कसबा हलला नाही एवढे ते हलले. धायरीकर एक फॉर्म भरायला बारा वर्षं घाबरताहेत.

नियमबुवा
इतके प्रतिसाद झाले आणि कायदा कुणी सांगितला नाही, म्हणून लिहितो.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम १९ आणि २०. जिथे तुमचं सर्वसाधारण वास्तव्य, तिथे नाव. एखाद्या मतदारसंघात तुमचं घर आहे एवढ्यावर तिथले रहिवासी ठरत नाही. कायदा हे स्पष्ट शब्दांत म्हणतो. तुम्ही बारा वर्षं धायरीत झोपता, मुलं तिथल्या शाळेत जातात, गॅस तिथे येतो. तुमचं नाव खडकवासल्यात हवं. यात भावनेला जागा नाही.

फॉर्म ८ भरा. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात जायचं तर फॉर्म ६ लागायचा, २०२२ पासून पत्ताबदलाला फॉर्म ८ च चालतो. ऑनलाइन होतो. फक्त 'नवीन मतदार' म्हणून फॉर्म ६ भरू नका, नाहीतर नाव दोन्हीकडे राहील. ते कलम १७ च्या विरुद्ध आहे आणि खोटं निवेदन केलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे.

गणपा_मंडळवाला
नियमबुवा आले, आता लग्नघरात पोलीस आल्यासारखं वाटतंय.

नारायण_पेठ_मागची_गल्ली
नियम बरोबर आहे, पण यादी नियमाने चालत असती तर काय हवं होतं! माझे सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. नाव वगळायचा फॉर्म ७ दोनदा दिला, मृत्यूचा दाखला जोडला. ते यादीत अजून आहेत, फोटोसकट. सासूबाई ठणठणीत आहेत, रोज बागेत जातात, त्यांचं नाव २०२४ ला गायब. बूथवर म्हणाल्या, "ह्यांचं आहे ना? मग ह्यांच्या जागी मी देते." बीएलओ (यादीचं काम बघणारी बूथ अधिकारी) बाई बिचारी हसली आणि मग रडवेली झाली.

कोथरूडस्थ
🙏 आजींना नमस्कार सांगा.

अभ्यासिकेतला_मुक्काम
पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जिंतूरचा, परभणी जिल्हा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहतो, चौथं वर्ष आहे. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री परत अभ्यासिका. तुम्ही ज्या वाड्यांबद्दल बोलताय, त्यातल्या एकाच्या माळ्यावर आम्ही पाच जण आहोत. या गल्लीत संध्याकाळी उभं राहिलं तर दहातले सात चेहरे आमच्यासारखे दिसतील. बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा. आणि आमच्यातल्या एकाचंही मत इथे नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी नुकताच आलो होतो. राज्यसेवा परीक्षेचा नवा पॅटर्न २०२५ पासून लागू करा म्हणून पुण्यात आंदोलन झालं. रात्री शरद पवारसुद्धा येऊन गेले. मतदानाच्या तीन दिवस आधी लोकसेवा आयोगाने मागणी मान्य केली. तेव्हा वाटलं, वा, आपलं ऐकतात. मग मित्र म्हणाला, अरे इथे निवडणूक चालू आहे. आमचा घोळका हजारो मतांसारखा दिसतो म्हणून ऐकलं. प्रत्यक्षात आमचं मत गावाकडे, एसटीने एक रात्र.

तर वरचं वाचून गंमत वाटली. धायरीकर काका इथे राहत नाहीत आणि मत इथे देतात. आम्ही इथे राहतो आणि मत कुठेच देत नाही, कारण दर वेळी गावाला जाणं परवडत नाही.

रास्ता_पेठ_खुर्द
हे मात्र कधी लक्षात आलं नव्हतं. मी यांच्याच मेसमध्ये जेवतो.

नियमबुवा
अभ्यासिकेतला_मुक्काम, वर सांगितलेला नियम तुम्हालाही लागू होतो. शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्याला राहत्या ठिकाणी नाव लावता येतं. राहत्या पत्त्याचा पुरावा द्या, नोंदणी झालेला भाडेकरार असेल तर उत्तम. फॉर्म ८ च भरा, गावचं नाव निघेल.

अभ्यासिकेतला_मुक्काम
सर, कॉट बेसिसवर करार कोण देतो? मालक म्हणतात, करार केला की पोलीस पडताळणी, मग कर, मग तू निघणार नाहीस. पावतीसुद्धा वहीच्या कागदावर मिळते.

जुना_वाडा_नवा_बिल्डर
मालकाची बाजूही सांगतो. पेठेत एकदा भाडेकरूचा अनुभव घेतलेला माणूस तीन पिढ्या करार म्हटलं की बिचकतो. पण अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स ऑनलाइन होतो, त्यात धोका नाही, हे त्यांना कुणीतरी समजावायला हवं.

धायरीकर_नाइलाजाने
चार दिवसांनी येतोय, क्षमस्व.

रविवारी पेठेत गेलो होतो. बाबांना आकडेमोडेंचा प्रतिसाद वाचून दाखवला, खूश झाले. नियमबुवांचा वाचून दाखवला, तर म्हणाले, "हा माणूस धायरीचाच दिसतोय." अभ्यासिकेतल्या मुलाचा वाचल्यावर काही बोलले नाहीत. चहा होईपर्यंत गप्प होते. मग आईला म्हणाले, ह्याची खोली गेली बारा वर्षं बंदच आहे.

बायकोने आणि मी काल रात्री फॉर्म ८ भरले. खडकवासला, भाग क्रमांक अजून यायचाय. बाबांना सांगितलंय, ते 'बरं' एवढंच म्हणाले.

अभ्यासिकेतला_मुक्काम, खोलीत एक खिडकी आहे, रस्त्याकडची, गणपतीत झोप येणार नाही. बाबा करार करून द्यायला तयार आहेत, पडताळणीलाही. फक्त त्यांचा एक प्रश्न आहे, मत कुणाला देणार? उत्तर द्यायलाच हवं असं नाही, पण ते विचारत राहतील, रोज. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पाहा.

मिसळीत_फरसाण
म्हणजे कसब्यात दोन गेली, एक आलं. आकडेमोडे, नोंद घ्या.